शांत टायर आणि जागे सासरे

आदरणीय साडूसाहेब यांना धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार कागदावरच समजावा. सध्या कंबर वाकत नाही, आणि ती का वाकत नाही हे पुढे येईलच.) आपली तब्येत उत्तम असणार. ती नेहमीच उत्तम असते, त्यामुळे विचारणं ही केवळ रीत. ताईंचा गुडघा, गच्चीतली झाडं, पाण्याचा पंप आणि आपली गाडी हे सगळं ठीक असावं अशी मनापासून इच्छा आहे. यांपैकी गाडीसाठी इच्छा करायची गरज नाही, कारण ती ठीक असल्याचं आमच्या घरात मला रोज एकदा तरी ऐकवलं जातं.

एवढ्या जवळ राहून फोनऐवजी पत्र कशाला, असं आपल्या मनात येईल. तर फोनवर आपण बोलता आणि मी ऐकतो, हे त्याचं कारण. मागच्या वेळी मी फक्त 'कसं काय' एवढंच विचारलं होतं. आपण जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीची सफाई सांगायला घेतलीत. मी फोन काउंटरवर ठेवला, एका गिऱ्हाइकाचा नंबर काढला, दुसऱ्याच्या चष्म्याची दांडी घट्ट करून दिली आणि फोन परत कानाला लावला, तर आपण टाकीच्या झाकणापाशीच होतात. (राग मानू नये. आपला आवाज चांगलाच आहे. संथ, एकसारखा, कुठे चढत नाही की उतरत नाही. कॉलेजात आपल्या तासाला मुलं किती शांत बसतात हे ताई नेहमी अभिमानानं सांगतात.) पत्राचं बरं असतं, समोरच्याला मध्ये तोंड घालता येत नाही. तेव्हा आज मी बोलणार आणि आपण ऐकणार.

विषय बाबांचा आहे. आता आपल्या दोघांचे सासरे आपल्याला नव्यानं काय सांगायचे, पण कोणताही मुद्दा पायापासून मांडावा ही आपलीच शिकवण. सासूबाई गेल्यापासून बाबा आमच्याकडे आहेत आणि आल्यापासून त्यांना झोप नाही. डॉक्टरांनी गोळी दिली, ती घेऊन ते जास्त ताजेतवाने झाले. गादी बदलली, उशी बदलली, पलंगाचं तोंड फिरवलं. काही उपयोग झाला नाही. आणि मग आपण एका रविवारी दुपारी त्यांना आपल्या गाडीतून तळ्यापर्यंत फिरवून आणलंत. ते पहिल्या सिग्नललाच झोपले आणि फाटकापाशी उठले. तेव्हापासून दर रविवारी हेच चाललंय. गेल्या महिन्यात आपल्याकडे जेवायला जमलो असताना आपण तो प्रस्ताव मांडलात. बाबांना आपल्या गाडीत झोप लागते, गाडी आपल्या घरी असते, म्हणून बाबांनी या महिनाअखेरीपासून आपल्याकडेच राहावं. किती सरळ मांडलंत. ताई मान हलवत होत्या, आमची ही मान हलवत होती, बाबा पुढच्या ताटाकडे बघत होते. मी पाण्याचा ग्लास उगाच गोल फिरवत बसलो.

एक गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही ती इथे लिहितो. मला बाबा जायला नको आहेत. उभा जन्म त्यांनी वर्तमानपत्राच्या छापखान्यात काढला, त्यामुळे ते सकाळी पेपर वाचायच्या आधी त्याचा वास घेतात, मग शाईवर अंगठा घासून बघतात, मग मला अंगठा दाखवतात. (काळा झाला तर तो दिवस त्या पेपरासाठी वाईट.) दुपारी माझ्या दुकानात येऊन खुर्ची टाकून बसतात. भिंतीवरच्या तपासणीच्या तक्त्याची शेवटची ओळ गिऱ्हाइकाला दिसत नसली की ते खुर्चीतूनच सांगतात, की यात तुमच्या डोळ्यांचा दोष नाही, ती ओळ छापतानाच शाई कमी पडली आहे. गिऱ्हाईक खूश होऊन चष्मा न घेता निघून जातं. यामुळे धंदा बसायची वेळ आली आहे, पण ती खुर्ची रिकामी असली की माझं कामात लक्ष लागत नाही. हे सगळं असून झोपायला मात्र त्यांना आपलीच गाडी लागते.

म्हणजे हेवा म्हणा. म्हणाच, मीच म्हणतो. मला आपला हेवा वाटतो, साडूसाहेब, आणि तो आजचा नाही. आपल्या गाडीला इमारतीच्या सावलीतली जागा मिळाली, माझी उन्हात उभी असते. आपले केस पिकले तर लोक आपल्याला विद्वान म्हणू लागले, माझे पिकले तर गिऱ्हाइकं विचारतात, तुम्हाला जवळचं दिसतं ना? इलेक्ट्रिक गाडी आपण दोघांनी एकाच आठवड्यात घेतली. तीच कंपनी, तोच पांढरा रंग. आपण आधी नोंदवलीत, म्हणून सगळे नातेवाईक मी आपली नक्कल केली असं म्हणतात. वास्तविक मी आपल्या कितीतरी आधी ठरवलं होतं, फक्त कोणाजवळ बोललो नव्हतो.

तर त्याच गाडीवर ही वेळ आली. वार्षिक तपासणीला दिली तेव्हा तिथल्या मेकॅनिकनं चाकावरून हात फिरवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, जशा नजरेनं मी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसणाऱ्यांकडे बघतो. चारही टायर गुळगुळीत झाले होते. त्याचं म्हणणं, या गाड्या बॅटरीमुळे वजनाला भारी, त्यात पाय दाबला की एकदम उसळी घेतात, त्यामुळे जपून चालवल्या नाहीत तर टायर लवकर संपतात. (मी जपूनच चालवतो. फक्त सिग्नल सुटला की शेजारच्या पेट्रोलच्या गाडीला जरा मागे टाकतो. इतक्या वर्षांत मला कुठेतरी पहिलं यायला मिळतंय.) हे मी घरी येऊन हिला सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता, वरसुद्धा न बघता, भाऊजींचे टायर अजून चांगले आहेत, एवढंच म्हटलं. तिला त्यातून काहीच सुचवायचं नव्हतं असं तिचं म्हणणं आहे.

त्या रात्रभर मी यावर विचार केला आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. या गाडीला इंजिनाचा आवाज नाही. म्हणजे जो काही आवाज येतो तो चाकांचा. माझे टायर झिजलेले, म्हणून माझ्या गाडीत बाबा जागे. आपले टायर चांगले, म्हणून आपल्या गाडीत बाबा झोपतात. माझ्या सासऱ्यांना माझ्यापासून तोडतंय ते रबर, माणूस नव्हे. या विचारानं मला इतकं हलकं वाटलं की मी सकाळी हिला स्वतः चहा करून दिला. आपल्यापेक्षा शांत टायर घ्यायचे, महिना संपायच्या आत बाबांना माझ्या गाडीत झोपवायचं आणि आपला प्रस्ताव आपल्यालाच मागे घ्यायला लावायचा, असा बेत मी ठरवला.

ही म्हणाली, भाऊजींना विचारा, त्यांचे टायर कोणते आहेत. अगदी सोपी गोष्ट. पण आपल्याला विचारायचं म्हणजे आपल्याला आनंद द्यायचा, आणि वर टाकीचं झाकण ऐकायचं. मी तिला 'विचारतो' म्हटलं आणि दुकानातलं भिंग आणि बॅटरी खिशात घालून सरळ आपल्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये आलो. (आता ताईंनी आपल्याला जे सांगितलं ते खोटं आहे हे लिहिणं भाग आहे. मात्र खोटं ताईंचं नव्हे, माझं.) टायरचं नाव बाजूला कोरलेलं असतं, पण आपल्या चाकांवर ते बाहेरच्या अंगाला घासून गेलेलं, शाबूत होतं ते आतल्या. मी जमिनीवर आडवा झालो, डोकं गाडीखाली घातलं, भिंग डोळ्याला लावलं, आणि दोन अक्षरं वाचतो न वाचतो तोच ताईंच्या चपला दिसल्या. मी म्हटलं, गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काच घरंगळत आली. गिऱ्हाइकाची काच आपल्या पार्किंगमध्ये कशी आली हे त्या माउलीनं विचारलं नाही. त्या दुखऱ्या गुडघ्यानिशी खाली बसल्या आणि माझ्याबरोबर काच शोधू लागल्या. वॉचमनही आला. मग वरच्या मजल्यावरचे ते निवृत्त गृहस्थ झाडू घेऊन आले. नसलेली काच आम्ही चौघं जेवायच्या वेळेपर्यंत शोधत होतो, आणि शेवटी ताई माझी समजूत काढत होत्या की मिळेल, उजेडात मिळेल. माझी कंबर गेली ती तिथे.

टायरचं नाव न कळताच मी टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार पोक्त माणूस, नाकावर चष्मा दुसऱ्याच कोणाचा तरी (नंबर त्याचा नव्हता, हे मला दारातूनच कळलं). त्यानं आधी विचारलं, तुम्हाला काय हवं? लांब पल्ला, पकड, टिकाऊपणा की शांतता? मी म्हटलं, सगळं. त्यानं सहनशील माणसाप्रमाणे मान डोलावली आणि समजावून सांगितलं, की हलकं फिरणारा टायर घेतला तर एका चार्जिंगमध्ये गाडी लांब जाईल पण ओल्या रस्त्यावर पकड कमी. मऊ घेतला तर पकड येईल पण लवकर झिजेल. कडक घेतला तर टिकेल पण घरघर करेल. त्यात माझ्या गाडीचं वजन जास्त, म्हणून जास्त वजन पेलणारेच घ्यायचे, म्हणजे अर्धं दुकान आधीच बाद. उरलेल्यांतून तो एकेक टायर पुढे लोटत विचारू लागला, हा बरा वाटतो की हा? आता परत पहिला बघा. हा की हा? साडूसाहेब, हा प्रश्न मी उभा जन्म लोकांना विचारत आलोय. तीनचार वेळा काच बदलली की गिऱ्हाइकाला काही फरक कळेनासा होतो आणि ते खुर्चीतून उठायला मिळावं म्हणून काहीही सांगतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. आणि तरीही मी शेवटी एका टायरवर बोट ठेवून 'हा जरा स्पष्ट वाटतो' असं म्हणालो.

त्यानं मात्र ते मनावर घेतलं नाही. त्यानं सरळ विचारलं, गाडीत कोणाला बसवायचंय? मी म्हटलं, सासऱ्यांना, झोपवायचंय. मग त्यानं आतल्या खोलीतून आणखी एक टायर आणला. त्याच्या आतल्या बाजूला गोल फिरून जाड फोमचा पट्टा चिकटवलेला. रस्त्याचा आवाज तो फोम खाऊन टाकतो म्हणे. टायरच्या पोटात गादी! ती बघितल्यावर मला दुसरं काही दिसेना. दुकानदार सांगत होता, की यानं चार्जिंग थोडं लवकर संपेल, पंक्चर झालं तर काढणं अवघड जाईल, या गाडीत जादा चाकही नसतं, तेव्हा नीट विचार करा. मी विचार केला तो एवढाच, की हे टायर साडूसाहेबांकडे नक्की नाहीत.

चारही बसवले आणि पहिली फेरी हिला घेऊन मारली. शांतता म्हणजे किती शांतता! इतके दिवस चाकांच्या आवाजाखाली दडलेले सगळे आवाज वर आले. मागच्या पट्ट्याचं बक्कल कुरकुरत होतं. दाराच्या खणात हिची एक हरवलेली पिन इकडून तिकडे फिरत होती. माझ्या पोटातलं बोलणं हिला स्वच्छ ऐकू गेलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, टायर भाऊजींनीच सुचवलेले दिसतात, छान आहेत. मी हो म्हटलं. मला खरं सांगता आलं असतं, पण मग पार्किंगपासून सांगावं लागलं असतं.

मग तो रविवार आला. (आपण सकाळीच फोन करून विचारलंत, किती वाजता येऊ. मी म्हटलं, आज आधी मीच त्यांना तळ्यापर्यंत फिरवून आणतो आणि मग आपल्याकडे सोडतो. आपण ते इतक्या सहज 'हो हो, अवश्य' म्हणून मान्य केलंत की मला त्याचाही राग आला.) बाबांना पुढे बसवलं, सीट मागे कलती केली, काच बंद, रेडिओ बंद. एरवी गाडीत मी बाबांशी काही ना काही बोलत असतो, पण त्या दिवशी तोंडाला कुलूप घातलं. हिला तर घरूनच बजावलं होतं की मागे बसून एक शब्द काढायचा नाही, शिंकसुद्धा आवरायची. गाडी अशी चालली की खाली रस्ता आहे की नाही कळू नये. पहिला सिग्नल आला. मी हळूच बाजूला बघितलं. बाबा ताठ बसले होते, दोन्ही हात समोर डॅशबोर्डवर, डोळे मोठे. ते म्हणाले, "काय बंद पडलं?" मी खुणेनं सांगितलं, काही नाही. पुढच्या वळणावर पुन्हा, "काहीतरी बंद पडलंय." तळ्यापर्यंत ते हेच विचारत राहिले आणि परत येताना त्यांनी मला गाडी बाजूला घेऊन उतरून बघायला लावलं. मी उतरलो, चाकांना उगाच लाथा मारल्या आणि परत बसलो. घरून निघालो होतो त्यापेक्षा त्यांचे डोळे जास्त टक्क उघडे होते, आणि मला रडायला यायचं तेवढं बाकी होतं.

तसाच आपल्याकडे आलो. आपण फाटकात उभेच होतात. बाबा माझ्या गाडीतून उतरले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले, आणि आपण गाडी सुरू केलीत. ताई आणि ही वर गेल्या. मी म्हटलं, मला दुकानात काम आहे. (रविवारी दुकान बंद असतं हे हिला लग्नापासून माहीत आहे, तरी ती गप्प राहिली, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.) दुकानात न जाता मी आपल्या मागोमाग निघालो. जरा अंतर ठेवून, मध्ये एखादी गाडी राहील अशा बेतानं. आपल्या मागच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. आपला एक हात सारखा हलत होता, म्हणजे नेहमीप्रमाणे काहीतरी सांगणं चालू होतं. आणि बाबांचं डोकं, पहिल्या सिग्नलच्या थोडं अलीकडेच, हळूहळू एका बाजूला कललं. आपण वळलात तसं ते दुसऱ्या बाजूला गेलं आणि तिथेच राहिलं. ते डोकं बघून मला जे वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. मी त्या डोक्याकडे बघता बघता रस्त्यातल्या एका मोठ्या खिळ्यावरून गाडी नेली.

पंक्चरवाला रस्त्याच्या कडेलाच झाडाखाली होता, हे त्यातल्या त्यात बरं. त्यानं चाक काढलं, टायर उघडला, आत फोम बघितला आणि शेजारच्या न्हाव्याला हाक मारली. न्हावी अर्धी दाढी केलेल्या गिऱ्हाइकासकट आला. टायरमध्ये गादी कोणासाठी घातली आहे, असं त्या गिऱ्हाइकानं विचारलं. तिघांनी आळीपाळीनं बोट घालून बघितलं. पंक्चरवाल्यानं सुरीनं तेवढा भाग खरवडला, ठिगळ लावलं आणि फोमचा तुकडा माझ्या हातात दिला, जसे डॉक्टर काढलेला खडा देतात. तेवढ्यात आपली गाडी तळ्यावरून परत आली आणि आमच्यासमोरून गेली. बाबांचं डोकं अजून तसंच होतं, आपला हात अजून हलत होता. पंक्चरवाला मान वर न करता म्हणाला, या गाडीचे टायर लाटालाटांनी झिजलेत, पुढची चाकं मागे कधी केलेली दिसत नाहीत, ऐका कसे घुमतात. मी कान दिला. खरंच घुमत होते. एका सुरात, गिरणी चालावी तसे.

आणि माझ्या डोक्यात दुसऱ्यांदा उजेड पडला. बाबांनीच एकदा दुकानात बसून सांगितलेलं मी कसा विसरलो! त्यांच्या छापखान्यात रात्रपाळीच्या फोरमननं, म्हणजे बाबांनीच, मशीन चालू असताना कागदाच्या गठ्ठ्यांवर खुशाल झोपायचं, अशी पद्धत होती. मशीन धडधडत असेपर्यंत सगळं ठीक. ते थांबलं की कागद फाटला किंवा शाई संपली, म्हणजे त्याच क्षणी जाग यायलाच हवी. ज्या माणसाची झोप अशी घडलेली, त्याला मी फोमच्या गादीवर, मिटल्या तोंडानं, तळ्यापर्यंत नेलं. ते बिचारे सारखे विचारत होते काय बंद पडलं, आणि मी चाकांना लाथा मारत होतो. आपण टायरची काळजी घेत नाही, म्हणून ते घुमतात. घुमतात, म्हणून बाबा झोपतात. आणि म्हणून ते आपल्याकडे राहायला जाणार. मी चाकं वेळच्या वेळी फिरवून घेतली, हवा बघितली, त्याचं मला हे फळ. साडूसाहेब, निष्काळजीपणातसुद्धा आपणच माझ्या पुढे असावं याला काय म्हणावं?

असो. मन मोकळं झालं. यात मागणं वगैरे काही नाही. थोरल्या माणसाला चार गोष्टी कळवाव्यात एवढाच हेतू. घरी सर्वांना यथायोग्य नमस्कार सांगावेत, आणि ताईंना सांगावं की काच मिळाली.

आपला नम्र,
धाकटा साडू

ता. क. एक लहानशी विनंती राहिली. माझे चार टायर जवळजवळ नवे आहेत, आतून गादी असलेले, अत्यंत शांत. (एकाची गादी थोडी खरवडलेली आहे. बाहेरून दिसत नाही.) आपले जुने, लाटालाटांनी झिजलेले टायर आपल्याला आज ना उद्या टाकायचेच आहेत. तेव्हा सरळ अदलाबदल करू. आपल्यासारख्या विद्वान माणसाला शांतता हवी, मला आवाज चालेल. मात्र हे येत्या रविवारच्या आत व्हावं. महिना संपत आला आहे.

ता. क. दुसरा. या अदलाबदलीबद्दल ताईंना किंवा हिला काही सांगण्याची आवश्यकता नाही. विशेषतः हिला, कारण ते टायर आपणच सुचवले होते असा तिचा समज आहे आणि तो आता मोडवत नाही.

ता. क. तिसरा (अक्षर वेगळं आहे, कारण माणूस वेगळा आहे). थोरल्या जावयांना आशीर्वाद. धाकटे पाकीट आणायला गेले आणि हे पत्र टेबलावर उघडं राहिलं. छापखान्यातल्या माणसाला उघडा कागद वाचल्याशिवाय राहवत नाही, म्हणून वाचलं. टायर बदलू नका, कोणीच. टायर घुमतो की गप्प बसतो हे मला कळत नाही, माझे कान मशीनवरच गेले. धाकटे माझे डोळे दर महिन्याला तपासतात, कानांकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. मला झोप तुमच्या बोलण्यानं लागते. जवळून बोललेलं मला ऐकू येतं, आणि तुमचं बोलणं आमच्या मशीनसारखं आहे. एका लयीत चालतं, सिग्नलला गाडी थांबली तरी थांबत नाही. हे मी कौतुकानं लिहितो आहे, अशी झोप मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. धाकटे बोलतात ते तुटक. मध्येच गप्प होतात, मग काहीतरी भलतंच बोलतात, आणि आता पुढे काय म्हणतात ते ऐकायला मी जागा राहतो. त्या रविवारी ते तोंडच उघडेनात, म्हणून मी विचारत होतो काय बंद पडलं. बिघाड गाडीत नव्हता. राहायला जाण्याबद्दल मला अजून कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. झोपायला मी दर रविवारी तुमच्याकडे येईन. राहतो तिथे ठीक आहे. तपासणीच्या तक्त्याची शेवटची ओळ नीट छापून घेईपर्यंत मला दुकान सोडता येणार नाही.

ता. क. चौथा, पुन्हा माझा. वरचा मजकूर वाचून मी कोरा कागद घेऊन पत्र नव्यानं लिहिणार होतो, पण बाबा म्हणाले की छापून झालेली प्रत फाडायची नसते. तेव्हा जसं आहे तसं पाठवतो आहे. टायरची विनंती रद्द समजावी. रविवारी आपण बाबांना न्यायला याल तेव्हा टाकीच्या झाकणाचं पुढे काय झालं ते कृपया त्यांच्यासाठी शिल्लक ठेवावं.

आणि एक बारीकशी गोष्ट, सहज कळवतो. हे पत्र बरंच लांबलं आहे. बाबांनी ते भर दुपारी, पोटभर जेवल्यावर, आरामखुर्चीत मागे टेकून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एकदाही डोळा लागला नाही. आमची ही समोरच बसली होती, तिला विचारून खात्री करून घ्यावी.